‘दारमेलो’ शब्दकोशात का सापडत नाही

माझी भाची पुण्यात स्पॅनिश शिकते. परवा रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला : "मावशी, देसीरसेलो म्हणजे काय गं? तीन डिक्शनऱ्या पालथ्या घातल्या, कुठेच नाही. पुस्तकात छापायची चूक आहे का?"

चूक नव्हती. ‘देसीर’ म्हणजे सांगणे, ‘से’ म्हणजे त्याला, ‘लो’ म्हणजे ते. ‘त्याला ते सांगणे’ हे तीन शब्दांचं काम स्पॅनिश माणूस एकाच शब्दात उरकतो. डिक्शनरीत फक्त ‘देसीर’ असतं. मराठी शब्दकोशात ‘घर’ सापडतं, ‘घरातल्यांनासुद्धा’ सापडत नाही, तसंच हे.

स्पॅनिश शिकणारा प्रत्येक जण साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात इथे अडखळतो. आपल्याकडे तर अडखळणं दुप्पट होतं, कारण आपण स्पॅनिश शिकतो ते इंग्रजीच्या दारातून. इंग्रजीत असं काही नाही, त्यामुळे शिकवणाराही ‘हा नियम आहे, पाठ करा’ म्हणून पुढे सरकतो. मराठीच्या दारातून आत गेलं तर यातलं बरंचसं ओळखीचं निघतं, असं माझं वीसेक वर्षांच्या भाषांतराच्या धंद्यानंतरचं मत आहे. म्हणून आज इंग्रजी चपलांसारखी बाहेर काढून ठेवू.

उच्चारांबद्दल एकच सूचना. स्पॅनिशमध्ये लिहितात ‘व्ही’, पण ओठांतून निघतो ‘ब’, आणि ‘एच’ मुका असतो. खालचे शब्द मी कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. त आणि द मात्र थेट आपलेच, दातांवरचे. इंग्रजांना यासाठी जिभेचा व्यायाम करावा लागतो, आपल्याला नाही.

णे-रूप आणि त्याचं शेपूट

‘करणे, बघणे, देणे’ हे क्रियापदाचं मूळ रूप. कोणी केलं, कधी केलं याचा त्यात पत्ता नसतो. व्याकरणाच्या पुस्तकात याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, आपण णे-रूप म्हणू. स्पॅनिशमध्ये ते नेहमी ‘र’ने संपतं : कोंप्रार (विकत घेणे), बेर (बघणे), देसीर (सांगणे), दार (देणे).

दुसरी गोष्ट म्हणजे छोटी सर्वनामं : मे (मला), ते (तुला), नोस (आम्हाला), ओस (तुम्हाला, फक्त स्पेनमध्ये), लो (तो किंवा ते, ज्यावर क्रिया घडते), ला (ती), लोस आणि लास ही त्यांची अनेकवचनं, ले आणि लेस (त्याला-तिला, त्यांना, ज्याला काही दिलं-सांगितलं जातं). आणि ‘से’, ज्याची भानगड पुढे येईल.

आता मुख्य नियम. क्रियापद काळ-पुरुषाचे कपडे घालून उभं असेल, तर सर्वनाम त्याच्या आधी आणि सुटं येतं : ‘लो बेओ’, मी ते बघतो. क्रियापद णे-रूपात असेल, तर सर्वनाम मागून येतं आणि चिकटतं : ‘बेरलो’, ते बघणे. जोडायला डॅश नाही, मधे जागा नाही. आज्ञा देताना (‘कर’ म्हणताना, ‘करू नको’ म्हणताना नव्हे) आणि ‘करत असताना’ अशा रूपालाही शेपूट असंच मागे लागतं, पण आजचा विषय णे-रूपाचा.

दोन सर्वनामं असतील तर दोन्ही चिकटतात. दार, मे, लो मिळून ‘दारमेलो’, मला ते देणे. भाचीच्या वर्गात एका पोराने हे ‘दारात मेलो’ असं पाठ केलंय. हसू नका, तो ते आयुष्यात विसरणार नाही.

हे आपल्याकडे नाही, असं कोण म्हणतं?

‘नमस्ते’ हा शब्द सोडवून बघा. नमः अधिक ते. ‘ते’ म्हणजे तुला. एक छोटं, अशक्त सर्वनाम आधीच्या शब्दाला चिकटलं आणि अख्खा देश दिवसभर ते म्हणत बसला.

शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांना ‘अस्मद्’ (मी) आणि ‘युष्मद्’ (तू) यांचे तक्ते आठवतील : मह्यम् किंवा मे, तुभ्यम् किंवा ते, अस्मभ्यम् किंवा नः, युष्मभ्यम् किंवा वः. आता स्पॅनिश बघा : मे, ते, नोस, ओस (जुन्या स्पॅनिशमध्ये ‘वोस’). हा योगायोग नाही. स्पॅनिश लॅटिनची लेक, आणि लॅटिन-संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. स्पॅनिशचा ‘ते’ आणि नमस्तेमधला ‘ते’ सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की आहेत.

संस्कृतचे शिक्षक आणखी एक नियम सांगायचे : ‘पुस्तकं मे देहि’ चालेल, पण वाक्याची सुरुवात ‘मे’ने करायची नाही, तिथे ‘मह्यम्’ घ्यायचं. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात हे बांधून ठेवलंय. ही छोटी रूपं अनुदात्त, म्हणजे त्यांच्यावर स्वतःचा आघात नाही, आणि ती पादाच्या, म्हणजे श्लोकाच्या चरणाच्या, सुरुवातीला येत नाहीत. ज्याला स्वतःचा जोर नाही त्याला टेकायला पुढे कोणीतरी लागतं.

मराठीत तर रोजच्या बोलण्यात यापेक्षा भारी नमुना आहे. फोनवर मैत्रीण विचारते, "वाचलीस का?" हा एवढासा शब्द उकलून बघा. ‘ई’ सांगतो की वाचायची गोष्ट स्त्रीलिंगी होती, कादंबरी किंवा बातमी. लेख असता तर ‘वाचलास’, पुस्तक असतं तर ‘वाचलंस’. आणि शेवटचा ‘स’ म्हणजे तू. कर्माची खूण आणि कर्ता दोघेही क्रियापदाच्या शेपटीला, तेही ठरलेल्या क्रमाने. हा शब्द कुठल्या डिक्शनरीत सापडेल?

णे-रूपाच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर दुकानात उभं राहा. "ती साडी?" "हो, घ्यायची आहे." "तो शर्ट?" "घ्यायचा आहे." समोरच्या वस्तूचं नाव न घेता तिचं लिंग शेपटीत आलं. स्पॅनिश माणूस हेच ‘कोंप्रारला’ आणि ‘कोंप्रारलो’ असं करतो. (‘कोंप्रारला’ ऐकून ‘त्याने बंगला कोंप्रारला’ असा मराठी भूतकाळ वाटतो, पण त्याचा अर्थ ‘ती विकत घेणे’ एवढाच.)

फरक एका जागी आहे, तो लक्षात ठेवायला हवा. मराठीत ‘साडी’ शब्द उच्चारला तरी ‘घ्यायची’ तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये मागे वस्तूचं नाव आलं की ‘ला’ निघून जातो. ‘कोंप्रार ला कासा’ म्हणजे घर विकत घेणे (इथला सुटा ‘ला’ सर्वनाम नव्हे, तो इंग्रजी ‘द’सारखा), आणि घर आधीच बोलण्यात येऊन गेलं असेल तर ‘कोंप्रारला’. दोन्ही एकदम नाही. ‘ले’ मात्र या बाबतीत वेगळा. ‘दारले उन लिब्रो आ मी माद्रे’, माझ्या आईला पुस्तक देणे, यात आई स्वतः हजर असूनही ‘ले’ शेपटीला राहतोच. हे द्विरुक्त वाटतं, पण स्पॅनिश कानाला त्याशिवाय वाक्य उघडं पडल्यासारखं वाटतं.

पण मग ‘लो बेओ’मध्ये का चिकटत नाही?

रास्त शंका. खरं उत्तर असं की बोलताना तेही चिकटलेलंच असतं. स्पॅनिश माणूस ‘लोबेओ’ असंच एका दमात म्हणतो. पुढे आलं तर सुटं लिहायचं आणि मागे आलं तर जोडून, हा लेखनाचा संकेत आहे. हिंदी ‘घर में’ सुटं लिहिते, मराठी ‘घरात’ जोडून. काम दोन्हीकडे एकच.

सर्वनाम किती परावलंबी आहे हे तपासायची एक घरगुती चाचणी आहे. "कोणाला बघितलंस?" या प्रश्नाला मराठीत नुसतं "ला" असं उत्तर देता येतं का? नाही. स्पॅनिशमध्ये तसंच नुसतं "लो" म्हणून चालत नाही, "आ एल" म्हणावं लागतं. म्हणजे ‘लो’ हा दिसायला शब्द असला तरी वागायला आपल्या ‘ला’सारखा प्रत्यय आहे.

राहिला प्रश्न की काळ-पुरुषवाल्या क्रियापदाआधी आणि णे-रूपामागे अशी वाटणी का. तर ती कायमची नाही. याकोब वाकरनागेल या स्विस पंडिताने 1892 साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा जुन्या भाषा शेजारी ठेवून दाखवलं की अशा अशक्त शब्दांची मूळ जागा वाक्यातली दुसरी असते. त्याच एकोणिसाव्या शतकात टोब्लर आणि मुसाफिया या दोघा भाषाअभ्यासकांनी लॅटिनच्या लेकींमध्ये तशीच गोष्ट टिपली होती : जुन्या भाषेत अशक्त सर्वनाम वाक्याच्या तोंडाशी येत नसे. पाणिनीचाच नियम, गाव बदललेलं.

त्यामुळे जुन्या स्पॅनिशमध्ये वाक्य क्रियापदाने सुरू झालं की सर्वनाम मागे जायचं. आज ‘मे दिखो’ (मला म्हणाला) असतं तिथे ‘दिखोमे’ लिहायचे. उलट ‘पोर लो बेर’, म्हणजे णे-रूपाच्या आधी सर्वनाम, हेही चालायचं. काही शतकांत हिशोब बदलला. वाक्यात कितव्या जागी आहोत हे बघायचं सोडून सर्वनामं क्रियापद कुठल्या अवतारात आहे ते बघू लागली. आज ‘मे’ने वाक्य बिनदिक्कत सुरू होतं. जुन्या पद्धतीचा एक अवशेष मात्र प्रत्येक स्पॅनिश पोराच्या कानावर पडतो. आपल्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ने सुरू होतात, त्यांच्या ‘एरासे उना बेस’ने. ‘एरा’ म्हणजे होता-होती, आणि मागे चिकटलेला ‘से’ तिथे सुरक्षित ठेवलाय.

शेजारच्या पोर्तुगीजमध्ये या शेपटाआधी डॅश असतो आणि णे-रूपाचा ‘र’ गळतो. ‘बघणे’ आणि ‘ते’ मिळून ‘वेर-लो’ न होता ‘वे-लो’ होतं. गोव्यात 1961 पूर्वी शाळेत पोर्तुगीज शिकलेलं कोणी घरात असेल तर त्यांना विचारा, ही डॅशची शिक्षा त्यांना चांगली आठवत असेल.

पार्सल दारात की वॉचमनकडे

आता सर्वांत जास्त वाद होतो तो मुद्दा. ‘मला ते बघायचंय’ हे स्पॅनिशमध्ये दोन प्रकारे म्हणतात : ‘क्येरो बेरलो’ आणि ‘लो क्येरो बेर’. ‘क्येरो’ म्हणजे मला हवंय. दोन्ही बरोबर, अर्थ एकच. ‘क्येरो लो बेर’ मात्र चूक.

हे मी सोसायटीतल्या पार्सलवरून समजावते. बेर हे तुमचं घर, क्येरो हे गेट, आणि लो हे पार्सल. पार्सल घराच्या दारात येऊ शकतं (बेरलो). गेटवर वॉचमन घेऊन ठेवू शकतो (लो क्येरो). पण लिफ्टमध्ये सोडून कोणी जात नाही. फ्रेंचमध्ये नेमकं लिफ्टमध्येच ठेवतात, म्हणून शाळेत फ्रेंच घेतलेली मुलं इथे हमखास घसरतात.

पार्सलं दोन असतील तर? एकाच ऑर्डरची असतात, फुटत नाहीत. ‘क्येरे दारमेलो’ (त्याला मला ते द्यायचंय) किंवा ‘मे लो क्येरे दार’. एक गेटवर, एक दारात, असं ‘मे क्येरे दारलो’ होत नाही.

आणि सगळ्या गेटांवर वॉचमन नसतो. ज्या क्रियापदांकडे तो असतो ती रोजच्या वापरातली आहेत : हवं असणे, शकणे, लागणे (‘तेंगो के’, मला केलं पाहिजे), ‘बोय आ’ (मी आता करणार), नुकतंच करणे, पुन्हा करणे, करू लागणे. या सगळ्यांना ‘लो’ पुढे घेता येतो. पण ‘आय के’ म्हणजे ‘करायला हवं’, ज्याला कोणी धनीच नाही, त्याच्यापुढे पार्सल ठेवता येत नाही. ‘आय के आसेरलो’, ते करायला हवं, एवढाच मार्ग. आवडण्याच्या क्रियापदाचंही तसंच : ‘मे गुस्ता बेरलो’, मला ते बघायला आवडतं. इथला ‘मे’ आवडण्याचा आहे, ‘लो’ बघण्याचा, आणि दोघांची घरं वेगळी. ‘पारा बेरलो’ (ते बघण्यासाठी), ‘सिन बेरलो’ (ते न बघता), ‘आल बेरलो’ (ते बघताच) यांत तर गेटच नाही, फक्त घर आहे. तिथे चिकटवण्यावाचून इलाज नाही.

चिली आणि पेरूमध्ये बोलताना काही लोक दोन्हीकडे ठेवतात : ‘लो बोय आ बेरलो’. एकच पार्सल, दोन पावत्या. व्याकरणकार नाक मुरडतात. मला मात्र त्यात आपलं ‘मला साडी घ्यायची होती’ ऐकू येतं, जिथे ‘ची’ आणि ‘ती’ दोन्हीकडे साडीच उमटते.

मग परीक्षेत कुठलं लिहायचं? बोलण्यात पुढे ठेवण्याकडे लोकांचा कल दिसतो, लेखी आणि औपचारिक मजकुरात चिकटवण्याकडे. परीक्षेला मी डोळे झाकून चिकटवायला सांगते, कारण ‘लो’ जर खरोखर णे-रूपाचंच कर्म असेल तर चिकटवणं कधी चुकत नाही.

त्या ‘जर’मध्ये एक खड्डा आहे. ‘मी त्याला बाहेर पडताना बघितलं’ हे ‘लो बी सालीर’. इथे ‘त्याला’ हा बघण्याचा आहे, बाहेर पडण्याचा कर्ता आहे, म्हणून ‘सालीरलो’ होत नाही. हे पटायला सर्वांत छान वाक्य म्हणजे ‘ला ओई कान्तारला’. मी तिला ती गाताना ऐकलं. पहिला ‘ला’ गाणारी बाई, दुसरा ‘ला’ तिची लावणी म्हणा. प्रत्येक ‘ला’ आपापल्या क्रियापदाकडे.

आधी माणूस, मग वस्तू

दोन सर्वनामांचा क्रम कसा ठरतो, यावर पुस्तकं अर्धं पान खर्च करतात. मराठी माणसाला एक ओळ पुरे : जसं आपण बोलतो तसं. ‘मला ते’ म्हणजे ‘मे लो’. ‘तुला ती’ म्हणजे ‘ते ला’. इंग्रजीत दोन्ही सर्वनामं असली की बहुधा आधी वस्तू आणि मग माणूस येतो, म्हणून इंग्रजीतून विचार करणारा ‘दारलोमे’ असं काहीतरी घडवतो. मराठीतून विचार करा, चूक होतच नाही. आज्ञेत तर तुकड्याला तुकडा जुळतो : ‘दामेलो’, दे-मला-ते. ‘दा’ आणि आपलं ‘दे’ हेही त्याच जुन्या कुळातले नातेवाईक.

आता ‘से’ची भानगड. ‘त्याला ते’ म्हणजे ‘ले लो’ व्हायला हवं. होत नाही, ‘से लो’ होतं. दोन ‘ल’ शेजारी नको वाटतात म्हणून, असं क्लासमध्ये सांगतात. खरी गोष्ट वेगळी. लॅटिनमधल्या ‘त्याला ते’चं मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये झिजून साधारण ‘झेलो’ असं झालं होतं. पुढे तो ‘झे’ बदलत गेला, आणि लोकांनी त्याला आधीपासून असलेल्या ‘से’मध्ये, म्हणजे ‘स्वतःला’ या अर्थाच्या सर्वनामात मिसळून टाकलं. त्यामुळे आजचा ‘से’ दुहेरी कारभार करतो. ‘कोंप्रारसेलो’ म्हणजे त्याच्यासाठी ते घेणे, तिच्यासाठी घेणे, त्याच्याकडून घेणे की स्वतःसाठी घेणे, हे शब्दावरून कळत नाही. स्पॅनिश लोकही गोंधळ नको म्हणून मागे ‘आ एल’, ‘आ एया’ (त्याला, तिला) जोडतात.

मी बाईंना आंघोळ घालायला निघाले तेव्हा

डिक्शनरीत काही णे-रूपं ‘से’ लावूनच छापलेली असतात. लेबान्तार म्हणजे उचलणे, लेबान्तारसे म्हणजे उठणे, स्वतःला उचलणे. पण हा ‘से’ नमुन्यादाखल आहे, माणसाप्रमाणे बदलायचा. मला उठायचंय तर ‘क्येरो लेबान्तारमे’. नवखे ‘क्येरो लेबान्तारसे’ म्हणतात, आणि मास्तर लाल शाईने वर्तुळ काढतात.

माझी चूक याहून मोठी. स्पेनमधल्या सालामांकाला शिकायला गेले होते तेव्हा पहिल्याच संध्याकाळी घरमालकीणबाईंनी विचारलं, "क्येरेस दुचारते?" म्हणजे शॉवर घ्यायचाय का तुला. प्रवासाने आंबलेली मी, ऐकलं तेच परत म्हटलं, "सी, क्येरो दुचारते." अर्थ झाला, ‘हो, मला तुला आंघोळ घालायची आहे.’ बाई सत्तरीच्या होत्या. त्या भिंतीला धरून हसल्या आणि म्हणाल्या, "दुचारमे, इखा, दुचारमे." इखा म्हणजे मुली, बाळे. त्या दिवसापासून शेपटीतलं सर्वनाम माझं कधी चुकलं नाही.

या ‘से’चा आणखी एक रंग आहे, जो इंग्रजीत समजावताना शिक्षक घामाघूम होतात आणि मराठीत चुटकीसरशी कळतो. कोमेर म्हणजे खाणे. कोमेरसे म्हणजे खाऊन टाकणे. ईर म्हणजे जाणे, ईरसे म्हणजे निघून जाणे. दोर्मीर झोपणे, दोर्मीरसे झोप लागणे. आपण ‘टाकणे’, ‘जाणे’, ‘लागणे’ अशी दुसरी क्रियापदं मदतीला बोलावतो, ते एका ‘से’वर भागवतात.

टेबलावर टिचकी

भाचीची शेवटची तक्रार होती तिरक्या रेघेची. ‘देसीरते’ लिहिताना रेघ नाही आणि ‘देसीरतेलो’ लिहिताना ‘सी’च्या स्वरावर रेघ, असं का?

टेबलावर बोटाने टिचकी मारत म्हणून बघा. शब्दाचा जोर जिथे येतो तिथे टिचकी. दे-सीर : टिचकी ‘सीर’वर. दे-सीर-ते : अजून ‘सीर’वरच. दे-सीर-ते-लो : तरीही ‘सीर’वर. शेपूट कितीही लांबलं तरी जोर जागचा हलत नाही, कारण शेपटातल्या शब्दांना स्वतःचा जोर नाही. पाणिनीचा ‘अनुदात्त’ तो हाच. आता शेवटून मोजा. पहिल्यात टिचकी शेवटच्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर), दुसऱ्यात शेवटून दुसऱ्या, तिसऱ्यात शेवटून तिसऱ्या. स्पॅनिश लेखनाचा नियम सांगतो की जोर शेवटून तिसऱ्या अवयवावर असेल तर रेघ द्यायचीच. म्हणून णे-रूपाला एक सर्वनाम चिकटलं तर रेघ नाही, दोन चिकटली तर रेघ. अपवाद ‘ओईर’ (ऐकणे) सारख्या क्रियापदांचा, ज्यांच्या डोक्यावर रेघ मुळातच असते. ती एका सर्वनामानंतरही राहते.

वाचताना उलटा धोका असतो. एकदा शेपटं दिसायला लागली की ती नसतील तिथेही दिसतात. ‘पेर्ला’ म्हणजे मोती, त्यात ‘ला’ चिकटलेली नाही. ‘कार्लोस’ हे सरळ माणसाचं नाव. आणि ‘आमारते’ ऐकलं तर थांबा : जोडून लिहिलं तर तुझ्यावर प्रेम करणे, तोडून ‘आ मार्ते’ लिहिलं तर मंगळावर, म्हणजे ग्रहावर. स्पॅनिश प्रेमवीरांनी या कोटीचा चोथा केलाय.

अकादमीलाही माघार घ्यावी लागली

हे सगळं ऐकून वाटेल की नियम एकदा ठरले, संपलं. तसं नाही. स्पेनमध्ये ‘तुम्ही’साठी आज्ञा करताना शेवटी ‘द’ येतो : कायाद, गप्प बसा. त्याला ‘ओस’ चिकटला की ‘द’ गळतो : कायाओस. ‘ईरसे’ या एका क्रियापदात मात्र ‘द’ टिकून राहतो : ‘इदोस’, निघून जा. पुस्तकात. प्रत्यक्षात स्पेनमध्ये ‘इदोस’ म्हणणारा माणूस सापडणं कठीण. सगळे ‘ईरोस’ म्हणतात, म्हणजे चक्क णे-रूपाला ‘ओस’ लावून हुकूम सोडतात.

स्पॅनिश भाषेची राजमान्य अकादमी 1713 पासून अशा गोष्टींवर लक्ष ठेवून आहे. जुलै 2017 मध्ये तिने ‘ईरोस’ला मान्यता दिली, ‘इदोस’च्या जोडीला. मोठा गहजब झाला. भाषा बुडाली म्हणणारे तिकडेही आहेत. अकादमीने लगेच बजावलं की ही सवलत एकट्या ‘ईरोस’ला, ‘कायारोस’सारख्या भावंडांना नाही. लॅटिन अमेरिकेत हे ‘तुम्ही’ वापरतच नाहीत, त्यामुळे तिकडच्या लोकांनी ही गंमत लांबून बघितली.

णे-रूपाने हुकूम सोडणं आपल्यालाही नवं नाही. सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज बघा : ‘उद्या पाणी येणार नाही, सर्वांनी नोंद घेणे.’ ‘मीटिंगला वेळेवर हजर राहणे.’ कोणाला उद्देशून आहे हे न सांगता सगळ्यांना दम देण्याची ही सोय आहे. स्पॅनिश माणूस तिथे निदान ‘ओस’ चिकटवून ‘तुम्हालाच म्हणतोय’ असं सांगून मोकळा होतो.

एवढं सगळं मी भाचीला तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने गृहपाठ तपासायला पाठवायचं कबूल केलं होतं. संध्याकाळी मेसेज आला, स्पॅनिशमध्ये : "बोय आ एनबियारतेलो." तुला ते पाठवतेच. पार्सल थेट दारात, क्रम बरोबर, दोन्ही सर्वनामं एकत्र. तिरकी रेघ तेवढी विसरली होती. मोबाइलवर लिहिताना स्पेनमधलेही विसरतात, म्हणून मी गप्प बसले.